केअर प्लॅन आणि पेशंटची ध्येयं: नर्सेसकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बरीच वर्षं वॉर्डात ड्युटी केली, आता नव्यानं रुजू होणाऱ्या नर्सेसना केअर प्लॅन शिकवते. दर बॅचला प्रश्न जवळपास तेच येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

केअर प्लॅन म्हणजे फाइलमधला तो तक्ताच ना?

तक्ता ही त्याची नोंद झाली. या माणसाची आत्ताची अडचण काय, ती सुटली हे कशावरून कळणार, त्यासाठी कोण काय करणार आणि आपण परत कधी बघणार, हे ठरवणं म्हणजे प्लॅन. ते कागदावर असलं की रात्रपाळीच्या सिस्टरला दिवसपाळीच्या सिस्टरच्या मनातलं ओळखत बसावं लागत नाही.

असेसमेंट, डायग्नोसिस, प्लॅनिंग, इम्प्लिमेंटेशन, इव्हॅल्युएशन या पाच पायऱ्या आल्या कुठून?

१९६१ मध्ये अमेरिकेतल्या नर्स आयडा जीन ओरलँडो यांनी एक साधी पण महत्त्वाची गोष्ट मांडली: पेशंटचं वागणं बघून आपल्याला जे वाटतं ते खरं आहे का, हे त्यालाच विचारून तपासा आणि मग कृती करा. १९६७ मध्ये हेलन युरा आणि मेरी वॉल्श यांनी चार पायऱ्यांची नर्सिंग प्रोसेस, म्हणजे पेशंटची काळजी टप्प्याटप्प्यानं घ्यायची पद्धत, लिहिली. डायग्नोसिस ही वेगळी पायरी नंतर रुळली. १९७३ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला नर्सिंग निदानांच्या वर्गीकरणावर पहिली परिषद भरली आणि त्यातूनच पुढे १९८२ मध्ये नांदा ही संघटना उभी राहिली. परीक्षेपुरतं एवढं पुरे. ओरलँडोंचं म्हणणं मात्र रोजच्या ड्युटीत लक्षात ठेवा.

डॉक्टरांनी निदान केलेलं असतं, मग नर्सिंग निदान वेगळं कशाला?

कारण न्यूमोनिया दोघांना झाला तरी दोघांची अडचण एक नसते. एकाचा कफ घट्ट आहे, खोकायला ताकद नाही, छातीत घरघर ऐकू येते. दुसरी बाई व्यवस्थित खोकते, पण रात्री झोपायला घाबरते, कारण आडवं झालं की दम लागतो. औषध दोघांना तेच मिळेल, नर्सिंग मात्र वेगळं करावं लागेल.

निदान लिहिताना तीन गोष्टी जोडा: अडचण, तिचं कारण आणि ती आहे हे दाखवणाऱ्या खुणा. 'श्वासमार्ग मोकळा राहत नाही, कारण घट्ट कफ आणि अशक्त खोकला. खुणा: घरघर, श्वास मिनिटाला २८, ऑक्सिजन ९१ टक्के.' अडचण अजून आलेली नसून फक्त तिचा धोका असेल तर खुणा लिहायच्या नाहीत, कारण त्या असणारच नाहीत. तिथे धोका कशामुळे आहे एवढंच लिहायचं. कारणाच्या जागी रोगाचं नाव लिहून मोकळं होऊ नका. 'न्यूमोनियामुळे' असं लिहिलंत तर त्यावर तुम्हाला काहीच करता येत नाही. 'घट्ट कफामुळे' लिहिलंत तर पाणी, वाफ, बसवणं, खोकायची पद्धत शिकवणं असं सगळं हातात येतं.

'दर दोन तासांनी कूस बदलणे' हे मी ध्येय म्हणून लिहिलं. सर्वांसमोर माझी चूक काढली गेली. काय चुकलं?

ते तुमचं काम आहे, पेशंटचं ध्येय नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहा प्लॅनमधल्या सात-आठांत हीच चूक असते, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. सर्वांसमोर बोलायला मात्र नको होतं.

ओळखायची खूण सोपी आहे. वाक्याचा कर्ता बघा. कर्ता नर्स असेल तर ते काम. कर्ता पेशंट, किंवा त्याची त्वचा, त्याचा श्वास, त्याची लघवी असेल तर ते ध्येय. 'दर दोन तासांनी कूस बदलणे' हे काम, आणि 'डिस्चार्जपर्यंत माकडहाड आणि टाचांवरची त्वचा अखंड राहील, दाबल्यावर न जाणारी लाली दिसणार नाही' हे ध्येय. फरक शब्दांपुरता नाही. काम हेच ध्येय मानलं तर चार्टवर बारा टिका पडतात आणि टाचेला फोड आलेला असूनही आपल्याला सगळं पार पडल्यासारखं वाटतं.

ध्येय स्मार्ट असावं म्हणतात. म्हणजे नक्की कसं?

स्मार्ट (SMART) हा पाच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचा शब्द. ही पद्धत आपल्या क्षेत्रातली नाही. १९८१ मध्ये जॉर्ज डोरन यांनी ती व्यवस्थापनासाठी मांडली. नेमकं, मोजता येणारं, वास्तवाला धरून आणि मुदत असलेलं ध्येय असावं, हे आपण उचललं. त्यातल्या 'ए' अक्षराचा डोरन यांचा अर्थ 'कोणाकडे सोपवलं' असा होता. 'साध्य होण्याजोगं' हा अर्थ नंतर चिकटला. मला मूळ अर्थही उपयोगाचा वाटतो. आमच्या प्लॅनमध्ये प्रत्येक ओळीपुढे ती कोण करणार हे मी लिहायला लावते.

त्याच १९८१ मध्ये इमोजीन किंग यांनी नर्सिंगमधला ध्येयप्राप्तीचा सिद्धान्त मांडला. नर्स आणि पेशंट दोघं मिळून ध्येय ठरवतात आणि तिथवर जायचा मार्गही मिळून मान्य करतात, हा त्याचा गाभा. स्मार्ट सगळ्यांना पाठ असतं, किंग परीक्षेनंतर विसरल्या जातात. नीट मोजता येणारं, मुदतीचं, पण पेशंटला पत्ताच नसलेलं ध्येय मी शेकड्यानं पाहिलं आहे.

लिहिताना क्रियापदाकडे लक्ष द्या. 'समजेल', 'जाणीव होईल', 'बरं वाटेल' हे बाहेरून दिसत नाही. 'सांगेल', 'करून दाखवेल', 'उठून बसेल', 'चालेल' हे दिसतं. एका वाक्यात एकच अपेक्षा ठेवा, नाहीतर अर्धं जमलं आणि अर्धं नाही तर काय नोंदवणार?

आकडा कुठून आणायचा?

आधी आजचा आकडा घ्या. आज दोन पावलं चालणारा माणूस उद्या ५० मीटर चालणार नाही. दुसरं, पुस्तकातला 'नॉर्मल' सगळ्यांना लावू नका. सर्वसाधारण पेशंटला ऑक्सिजन ९४ ते ९८ टक्के ठेवतात, पण सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या दीर्घकाळच्या आजाराच्या) ज्या पेशंटमध्ये कार्बन डायऑक्साइड साठायचा धोका असतो, त्यांच्यासाठी ८८ ते ९२ टक्के ठरवतात. अशा माणसाच्या प्लॅनमध्ये सवयीनं ९८ लिहिलं आणि पुढच्या सिस्टरनं ते गाठायला ऑक्सिजन वाढवला, तर नुकसान आपणच केलं.

वेदनेचं तसंच. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी '० वर येईल' असं लिहू नका. शून्य ते दहामध्ये किती दुखणं असलं तरी तुम्हाला खोल श्वास घेता येईल, खोकता येईल, उठून बसता येईल, असं पेशंटला विचारा. कुणी ३ म्हणेल, कुणी ५. तोच आकडा लिहा.

पाच-सहा अडचणी असतील तर पहिली कुठली?

श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण. त्यावर वाद नाही. नंतर सुरक्षितता: पडण्याचा धोका, शुद्धीतला बदल, जंतुसंसर्ग. मानसशास्त्रज्ञ मॅस्लो यांची १९४३ मधली गरजांची उतरंड (आधी शरीराच्या गरजा, मग सुरक्षितता, मग बाकीच्या) इथे बऱ्यापैकी वाट दाखवते. पण तातडीचं काही नसेल तेव्हा पेशंटला ज्याची सर्वांत जास्त काळजी वाटते ते वर घ्या. मनात तीच घोळत असेल तर आपलं बाकी शिकवणं कानावरून जातं.

पेशंटला ध्येय विचारायचं कसं? 'तुमचं ध्येय काय?' म्हटलं की ते गोंधळतात.

गोंधळणारच. तो शब्दच वापरू नका. 'घरी गेल्यावर सगळ्यात आधी काय स्वतःचं स्वतः करता यावं असं वाटतं?' किंवा 'आत्ता सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?' असं विचारा.

एक प्रसंग सांगते, कारण मी त्यातूनच शिकले. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालेले एक आजोबा होते. प्लॅनमध्ये लिहिलं होतं: 'तिसऱ्या दिवशी वॉकर घेऊन २० मीटर चालतील.' आजोबा उठायलाच तयार नव्हते. दोन दिवस नोंदीत एकच वाक्य: 'पेशंट सहकार्य करत नाहीत.' त्यातलं एक माझ्या हातचं. रात्री बेडपॅन द्यायला गेले तेव्हा सहज विचारलं, "आजोबा, कशाचा त्रास होतोय सगळ्यात जास्त?" त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि म्हणाले, "हे भांडं नको."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या बेडपासून टॉयलेटपर्यंतची पावलं मोजली. माझी चौदा भरली. दाराला दोन बोटं उंच उंबरा होता आणि आत डाव्या हाताला धरायला दांडा नव्हता. नवं ध्येय त्यांच्याशी बोलून लिहिलं: 'शुक्रवार संध्याकाळपर्यंत वॉकर घेऊन, एका नर्सच्या आधारानं बेडपासून टॉयलेटपर्यंत जातील आणि परत येतील.' त्यामागे कामं: उठवण्याआधी अर्धा-पाऊण तास वेदनाशामक गोळी, टॉयलेटवर उंच सीट, उजवीकडच्या दांड्यानं उठायचा सराव, आणि उंबऱ्यापाशी आधी वॉकर पलीकडे ठेवायला शिकवणं. उठायला ते स्वतः हाक मारू लागले. २० मीटर त्यांच्या काहीच कामाचे नव्हते.

'सहकार्य करत नाही' असं लिहायचंच नाही का?

नाही. जे दिसलं ते लिहा: 'सकाळी १० वाजता उठायला नकार दिला, "चक्कर येईल" म्हणाल्या.' पहिल्या वाक्यानं पुढच्या सिस्टरच्या मनात पेशंटविषयी अढी बसते, दुसऱ्यानं तिला पुढचं काम कळतं.

पेशंटचं म्हणणं आणि आपलं म्हणणं जुळलं नाही तर?

आधी कारण ऐकून घ्या, मग न करण्यातला धोका साध्या भाषेत सांगा. त्यानंतरही शुद्धीवर असलेला, समज असलेला माणूस नाही म्हणाला तर तो त्याचा हक्क आहे. काय सांगितलं आणि तो काय म्हणाला हे नोंदवा, डॉक्टरांना कळवा. बहुतेक वेळा अधलंमधलं काही निघतं. दिवसातून तीनदा चालायला नाही म्हणणारी बाई खुर्चीत अर्धा तास बसायला तयार होते. तिथून सुरुवात करा.

बेशुद्ध पेशंटचं ध्येय कसं ठरवायचं?

त्याच्या शरीराकडून जी अपेक्षा आहे ती लिहा: श्वासमार्ग मोकळा, त्वचा अखंड, डोळ्यांचं बुबुळ ओलं, सांधे आखडलेले नाहीत, लघवी तासाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे निदान अर्धा मिली. नातेवाइकांना दोन प्रश्न जरूर विचारा: त्यांना कुठल्या नावानं हाक मारतात, आणि त्यांना काय अजिबात आवडत नाही. ते प्लॅनच्या पहिल्या ओळीत असू दे.

कामं किती बारकाईनं लिहायची?

नवी सिस्टर फक्त ते वाचून करू शकेल इतक्या. 'प्रेशर पॉइंट केअर' यातून काहीच कळत नाही. असं लिहा: 'डावी कूस, पाठ, उजवी कूस या क्रमानं दर २ तासांनी, वेळ लिहावी. कुशीवर ३० अंशांतच, पूर्ण ९० अंशांत नाही. डोक्याकडची बाजू, पेशंटला चालत असेल तर, ३० अंशांच्या वर नको. पोटऱ्यांखाली उशी लांबीनं लावून टाचा गादीपासून अधांतरी. प्रत्येक वेळी माकडहाड आणि टाचा बघाव्यात. लाली असेल तर बोटानं दाबून सोडावं, पांढरी पडते का नोंदवावं.'

टाच अधांतरी आहे की नाही हे नजरेनं ठरवू नका. टाच आणि गादी यांच्यामधून हात सरकवून बघा. हात अडकला तर उशी वर सरकली आहे. आणि दोन तास हे वेदवाक्य नाही. त्वचा सांगेल तसं अंतर बदला. कुणाला किती धोका आहे हे ब्रेडन स्केलवर बघता येतं: ६ ते २३ गुण, १८ किंवा कमी म्हणजे धोका. पण बेरजेवर थांबू नका. गुण ओलाव्यामुळे गेले की हालचाल नसल्यामुळे, यावर काम ठरतं.

'पेशंटला शिकवलं' हे कधी लिहायचं?

त्यानं करून दाखवल्यावर. इन्सुलिन पेन शिकवलेल्या एका बाईंनी मला सगळं नीट परत सांगितलं होतं: सुई लावायची, दोन युनिट हवेत सोडून बघायचं, डोस फिरवायचा, टोचायचं, दहापर्यंत मोजायचं. मी 'समजलं' असं लिहून टाकलं. पुढच्या भेटीला साखर चढलेलीच. "पेन जरा माझ्यासमोर वापरून दाखवा" म्हटलं. त्यांनी सुईवरचं मोठं टोपण काढलं, आतलं बारीक टोपण तसंच ठेवलं आणि पोटावर टेकवलं. औषध कातडीवरून ओघळलं. एवढे दिवस इन्सुलिन आत गेलंच नव्हतं. आतलं टोपण काढा, हे मी करताना दाखवलं होतं, तोंडानं सांगितलं नव्हतं. दोष माझा होता.

म्हणून ध्येय असं लिहा: 'डिस्चार्जच्या आदल्या दिवशी सलग दोन वेळा, मदत न घेता, पेननं इंजेक्शन घेऊन दाखवतील.' तोंडी माहिती असेल तर 'समजलं का?' विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'मी नीट सांगितलं का ते बघायचंय, घरी सांगाल तसं मला सांगा' म्हणा.

ध्येय गाठलं नाही तर नोंदवायला संकोच वाटतो.

संकोच नको. पूर्ण झालं, काही अंशी झालं, झालं नाही, यांपैकी खरं असेल ते लिहा आणि लगेच 'का' ते लिहा. आजोबांचं ध्येय शुक्रवारी झालं नव्हतं. उभे राहिले आणि घेरी आली. झोपून बीपी १३२, उभं राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत १०६. उभं राहिल्यावर वरचं बीपी २० किंवा जास्त उतरलं की दखल घ्यायलाच हवी. डॉक्टरांना कळवलं, त्यांनी बीपीच्या गोळ्यांची वेळ बदलली. आम्ही आधी ५ मिनिटं पाय खाली सोडून बसवायला लागलो. शनिवारी सकाळी ते गेले आणि आले. शुक्रवारी मी 'काही अंशी साध्य, प्लॅन चालू ठेवा' एवढंच लिहिलं असतं तर पुन्हा घेरी आली असती, कदाचित ते पडलेही असते.

'प्लॅन चालू ठेवा' हे फक्त प्रगती अपेक्षेप्रमाणे असेल तेव्हाच लिहा. नसेल तर मागे जा: मुदत कमी होती, काम चुकीचं होतं, की निदानच चुकलं?

कॉम्प्युटरमध्ये तयार प्लॅन असतात. ते वापरू का?

वापरा. काही सुटू नये म्हणून ते चांगले आहेत. आयोवा विद्यापीठात तयार झालेली नर्सिंग कामांची यादी १९९२ मध्ये आणि परिणामांची १९९७ मध्ये आली. त्यांमुळे सगळ्यांचे शब्द एक झाले. पण तयार प्लॅन उघडल्यावर तीन गोष्टी कराच: लागू नसलेल्या ओळी काढा, आकडे तुमच्या पेशंटचे घाला आणि निदान एक ओळ अशी लिहा जी फक्त त्यालाच लागू पडते.

एका पाळीत इतके पेशंट असताना हे सगळं लिहायला वेळ कुठून आणायचा?

तक्रार खरी आहे. माणसं कमी आहेत आणि त्यावर उपाय नर्सनं एकटीनं काढायचा नसतो, हे वर पोचवत राहायला हवं. तोवर माझा सल्ला: दहा निदानांचा सुबक प्लॅन करण्यापेक्षा दोन निदानांचा खरा प्लॅन करा. आणि हँडओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंट सोपवणं, प्लॅन हातात घेऊन, बेडपाशी द्या. 'आजचं ध्येय हे, इथवर आलं, तुमच्या पाळीत एवढं बघा.' पेशंट ऐकत असतो, चुकलं तर तोच सुधारतो.

डिस्चार्जचा प्लॅन कधी सुरू करायचा?

भरती झाल्या दिवशी. घरी जिने किती, सोबत कोण, औषधं कोण देणार, हे तेव्हाच विचारा.

पेशंट बरा होणार नाही हे माहीत असेल, तर ध्येय काय लिहायचं?

त्याला उरलेला वेळ कसा जायला हवा आहे ते. एका बाईंची इच्छा होती की मुलगी संध्याकाळी भेटायला येते तेव्हा आपण जागं असावं. वेदनेच्या औषधानं त्या नेमक्या त्याच वेळी गुंगीत असायच्या. ध्येय लिहिलं: 'रोज ५ ते ७ जाग्या असतील, बोलताना वेदना ३ किंवा कमी.' डॉक्टरांशी बोलून डोसच्या वेळा बदलल्या. अंग पुसणं, ड्रेसिंग, चादर बदलणं सगळं सकाळी नेलं, म्हणजे दुपारी झोप होईल. पुढे प्लॅनमध्ये लिहिलं होतं: साडेचारला तोंड स्वच्छ करून ओठांना मलम, पावणेपाचला पाठीशी उशा देऊन बसतं करणं, खुर्ची बेडच्या उजव्या बाजूला, कारण त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही. ५ ते ७ पडदा ओढलेला, त्या वेळात बीपी-टेंपरेचर घ्यायला कुणी जायचं नाही.